फणस, चहा आणि मताचा हक्क : अमेरिकेतली जुनी महिला मंडळं

ओवी_क (धागाकर्ती)

बीएस्सीला वनस्पतीशास्त्र होतं त्यांना ‘सोरोसिस’ आठवत असेल. अख्खा फुलोरा मिळून एकच फळ होतं, तो प्रकार. परीक्षेत उदाहरण विचारलं की डोळे मिटून फणस नाहीतर अननस लिहायचं. हाच शब्द परवा अमेरिकेच्या इतिहासात भेटला आणि मी एकटीच हसत सुटले. १८६८ साली न्यूयॉर्कच्या बायकांनी एक क्लब काढला, त्याचं नाव सोरोसिस. म्हणजे चक्क फणस क्लब.

निमित्त एका जेवणाचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क प्रेस क्लबने चार्ल्स डिकन्सला डेल्मोनिकोज हॉटेलात मेजवानी दिली. जेन कनिंगहॅम क्रोली या पगारी पत्रकार, ‘जेनी जून’ नावाने लिहायच्या. त्यांनी रीतसर पैसे भरून तिकीट मागितलं. आधी हसण्यावारी नेलं, मग टाळाटाळ झाली आणि अगदी शेवटी निरोप आला की पुरेशा बायका येणार असतील आणि पडद्याआड बसणार असतील तर बघू. क्रोलीबाई गेल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा क्लब काढला आणि त्याच डेल्मोनिकोजमध्ये बैठका भरवायला सुरुवात केली.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. पुढे प्रेस क्लबला उपरती झाली आणि त्यांनी सोरोसिसच्या बायकांना न्याहारीला बोलावलं. तिथे भाषणं पुरुषांची, गाणी पुरुषांची. बायकांनी नुसतं बसायचं आणि खायचं. सोरोसिसने परतफेड म्हणून चहाला बोलावलं. तिथे सगळं बोलणं बायकांचं. पाहुण्यांच्या नावे शुभेच्छा दिल्या, पण त्याला उत्तर द्यायलाही कुणा पुरुषाला उठू दिलं नाही!

आता माझा प्रश्न. इतक्या खमक्या बायका, पण क्लब म्हणून मताच्या हक्काच्या भानगडीत पडायचं नाही हे सोरोसिसचं धोरण. १८९० मध्ये देशभरातल्या अशा क्लबांचा महासंघ झाला, जनरल फेडरेशन ऑफ वुमन्स क्लब्ज. त्याने स्त्रियांच्या मताधिकाराला जाहीर पाठिंबा दिला १९१४ साली. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्री-हक्कांची सभा भरली, तिथे ही मागणी झाली होती १८४८ मध्ये. मग या क्लबांचा मताधिकाराशी नेमका संबंध काय? आणि बाईच्या हातात पैसा येण्याशी काय?

माझं मत असं की मत मागण्याआधी सभा चालवता यावी लागते, आणि ती या बायका क्लबात शिकल्या. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

मला वाटतं, हा उगाच ओढूनताणून जोडलेला संबंध आहे. खाऊनपिऊन सुखी घरच्या बायका, दुपारी नवरे कामावर, मग जमायचं आणि दांते या जुन्या इटालियन कवीवर निबंध वाचायचे. मत मिळवलं ते रस्त्यावर उतरलेल्यांनी, तुरुंगात गेलेल्यांनी. मताधिकार चळवळीच्या पुढारी सुसान अँथनींनी १८७२ मध्ये रॉचेस्टरला बेकायदा मतदान केलं, खटला झाला, १०० डॉलर दंड झाला आणि बाईंनी तो शेवटपर्यंत भरला नाही. याला म्हणतात लढा. चहा-बिस्किटांना क्रांती म्हणायचं असेल तर आमच्या सोसायटीत रोजच होते.

बोरूबहाद्दर

तिरकसराव, तुमच्या बाजूला एक माजी राष्ट्राध्यक्ष आहेत. ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी १९०५ मध्ये एका मोठ्या महिला मासिकात लेख लिहून बायकांच्या क्लबांवर तोंडसुख घेतलं होतं. सार असं की बाईचा सगळ्यात चांगला क्लब म्हणजे तिचं घर. आता सांगा, नुसतेच निबंध वाचत होत्या तर दोनदा देशाच्या गादीवर बसलेला माणूस एवढा कशाला घाबरेल?

सांजवात

वा ओवी, छान विषय. थोडं अवांतर, पण मराठी वाचकांनी विसरू नये असं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या हजर होत्या. मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, सेनेका फॉल्सला ४० वर्षं झाली म्हणून. तिथेही रमाबाई होत्या. परत आल्यावर त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, १८८९ साली. त्यात तिथल्या बायकांच्या स्थितीवर आणि संस्थांवर सविस्तर लिहिलंय. म्हणजे हा धागा १३० वर्षांहून जास्त उशिरा आलाय, एवढंच.

आणि तिरकस, आपलं म्हणशील तर माझी आई महिला मंडळाची चिटणीस होती. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ हे वाक्य ती पहिल्यांदा मोठ्याने वाचायला उठली तेव्हा हात थरथरत होते, असं ती सांगायची. वर्षभराने तिने खर्चाच्या हिशोबावरून अध्यक्षीणबाईंना भर सभेत अडवलं. ओवीचं म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटत नाही.

ओवी_क

सांजवातताई, नेमकं हेच! सूचक कोण, अनुमोदक कोण, उपसूचना आधी मताला टाकायची की मूळ ठराव, गणपूर्ती झाली का, हे सगळं त्या काळी बायकांना कुणी शिकवतच नव्हतं. बोस्टनच्या हॅरिएट शॅटक यांनी १८९१ मध्ये खास बायकांसाठी सभाशास्त्राचं पुस्तक लिहिलं. मागणी असल्याशिवाय कोण लिहील?

आणि दांतेचं निघालंच आहे म्हणून. १९०४ मध्ये महासंघाच्या अध्यक्ष झाल्या सारा प्लॅट डेकर, डेन्व्हरच्या. त्यांनी मैत्रिणींना सरळ ऐकवलं की दांते मेला, मरून कैक शतकं झाली. आता त्याच्या नरकाचा अभ्यास पुरे, आपल्या आजूबाजूला काय चाललंय ते बघू. यात मेख अशी की या बाई कोलोरॅडोच्या, आणि तिथे बायकांना १८९३ पासून मत होतं. म्हणजे महासंघ मताधिकारावर मूग गिळून बसला होता तेव्हा त्याची अध्यक्ष स्वतः मतदार होती.

मग क्लबांनी हात घातला तो दूध, पाणी, कचरा, शाळा, बालमजुरी, वाचनालयं यांत. युक्तिवाद असा की शहर म्हणजे मोठं घरच, ते झाडणं आमचं काम. पण नगरपालिकेत खेटे घातल्यावर कळलं की मत नसलेल्या माणसाचं निवेदन टेबलाच्या कोणत्या खणात जातं ते. माझ्या मते १९१४ चा ठराव या खेट्यांतून आला.

मुक्काम_पोस्ट_परदेश

वाचनालयांबद्दल +१. मी राहते त्या गावातलं सार्वजनिक ग्रंथालय इथल्या वुमन्स क्लबने सुरू केलेलं आहे. एका खोलीत, देणगीच्या पुस्तकांवर. आता मोठी इमारत आहे, पण आत शिरताना भिंतीवर त्या बायकांचा फोटो आहे. प्रत्येकीचं नाव ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. गाव वसवणाऱ्या बायका, पण स्वतःचं नाव एकीचंही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार विचित्र वाटलं.

कोरा_कागद

पैशाच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहितो (व्यवसायाने वकील, सवय जात नाही).

मताच्या आधीची लढाई खिशाची होती. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळून जायचं. तिची मिळकत त्याची, तिचा पगारही त्याचा. न्यूयॉर्कने १८४८ मध्ये विवाहितेला तिच्या मालमत्तेवर हक्क दिला. पण तिने काम करून मिळवलेली मजुरी तिची, हे मान्य व्हायला १८६० उजाडलं. सोरोसिस निघाला त्याच्या जेमतेम ८ वर्षं आधी. क्रोलीबाईंनी तिकिटासाठी पुढे केलेले पैसे कायद्याने ‘त्यांचे’ होते, ही गोष्ट तेव्हा अगदी ताजी होती.

दुसरं. कष्टकरी बायकांचे प्रश्न आणि क्लबातल्या बायकांचे प्रश्न एक नव्हते. तिथे तिरकस यांचा मुद्दा थोडा मान्य. पण पूल बांधणाऱ्या संस्था होत्या. १९०३ ची वुमन्स ट्रेड युनियन लीग हे ठळक उदाहरण. तिच्यात कामगार बायकांच्या बरोबरीने सुखवस्तू बायकांनाही ‘सहकारी’ म्हणून सभासद होता यायचं. १९०९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात पुढारी लांबलचक भाषणं करत होते. क्लारा लेमलिक नावाची २३ वर्षांची शिलाई कामगार उठली आणि यिद्दिश या ज्यू स्थलांतरितांच्या भाषेत म्हणाली की बोलणं पुरे, संप करा. ब्लाउज शिवणाऱ्या वीसेक हजार कामगार बाहेर पडल्या, बहुतेक कोवळ्या पोरी. पोलीस रोज धरपकड करायचे. तेव्हा अल्वा बेलमाँट ही गर्भश्रीमंत बाई रात्रीच्या कोर्टात जाऊन बसली आणि मुलींच्या जामिनासाठी स्वतःची हवेली तारण ठेवली. फरकोट घालून संपात येणाऱ्या या बायकांना लोक ‘मिंक ब्रिगेड’ म्हणून चिडवायचे.

तिरकस

बघा, तुम्हीच म्हणालात. फरकोट. फोटो काढून झाले की घरी. संप मिटल्यावर त्या मुलींचं काय झालं तेही सांगा.

कोरा_कागद

सांगतो. ते सांगणं सुखाचं नाही. बऱ्याच कारखान्यांनी तडजोड केली, ट्रायअँगल शर्टवेस्ट कंपनीने युनियन मानली नाही. २५ मार्च १९११ ला तिथे आग लागली. बाहेरचं एक दार कुलूपबंद होतं, आगीच्या जिन्याचा लोखंडी सांगाडा कोसळला. १४६ जण गेले, त्यात बहुतांश बायका. आठवड्याभराने मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शोकसभा झाली, आणि रोझ श्नायडरमन या कामगार पुढारी बाईने समोर बसलेल्या सभ्य लोकांना तोंडावर सांगितलं की तुमची सहानुभूती आम्ही अनेकदा तपासून पाहिली आहे, ती कमी पडते. फरकोटवाल्यांना याहून कडक कुणी बोललं नसेल.

तरीही, १९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मताधिकाराचा प्रस्ताव पडला आणि १९१७ मध्ये जिंकला, तो न्यूयॉर्क शहरातल्या मतांवर. शहराने लाखभराची आघाडी दिली. उरलेलं राज्य जवळपास बरोबरीत होतं. तेव्हा मतदार पुरुषच होते. त्या गिरणगावांतले बाप, भाऊ, नवरे.

सांजवात

‘त्या गिरणगावांतले’ हा शब्द आवडला. पण मला एक खटकतंय. इतका वेळ आपण जिच्याबद्दल बोलतोय ती ‘अमेरिकेतली बाई’ गोरीच आहे.

निंबोणी

सांजवातताई, मी तेच लिहायला आले होते.

१९०० साल, मिलवॉकी, महासंघाचं अधिवेशन. बोस्टनच्या जोसेफिन सेंट पिएर रफिन आल्या. त्या तीन संस्थांच्या प्रतिनिधी होत्या: मॅसॅच्युसेट्सचा राज्य महासंघ, न्यू इंग्लंडच्या पत्रकार स्त्रियांची संघटना आणि त्यांनी स्वतः काढलेला कृष्णवर्णीय स्त्रियांचा वुमन्स एरा क्लब. पहिल्या दोन गोऱ्यांच्या संस्था, त्यांच्या वतीने आत यायला हरकत नव्हती. तिसरीच्या वतीने मात्र नाही. तीच बाई, तोच चेहरा! छातीवरचा प्रतिनिधीचा बिल्ला हिसकावून घ्यायचाही प्रयत्न झाला. रफिनबाईंनी स्वतःच्या क्लबला बाजूला ठेवून आत जायचं नाकारलं.

क्रोलीबाईंना पडद्याआड बसा म्हणाले होते त्याला तेव्हा ३२ वर्षं झाली होती. आता पडदा या बायकांच्या हातात होता.

पण कृष्णवर्णीय बायका दारात ताटकळत बसल्या नव्हत्या. त्यांचा स्वतःचा राष्ट्रीय महासंघ १८९६ मध्येच झाला होता. मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्ष, आणि ब्रीद असं की आपण वर चढायचं ते इतरांना वर ओढत. पाळणाघरं, बालवाड्या, वृद्धाश्रम, रात्रशाळा. मताधिकाराला त्यांचा पाठिंबा गोऱ्यांच्या महासंघाच्या आधीपासून, कारण दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषांचं मतही दांडगाईने हिरावलं जात होतं; मत गेलं की काय जातं हे त्या घरात बघत होत्या.

आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार. त्यांनी जानेवारी १९१३ मध्ये शिकागोत मताधिकारासाठी अल्फा सफ्रेज क्लब काढला. मार्चमध्ये वॉशिंग्टनला मताधिकाराचा मोठा मोर्चा होता. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून वेल्सना सांगितलं की तुम्ही मागे, कृष्णवर्णीयांच्या तुकडीत चाला. त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. इलिनॉयची तुकडी पुढे सरकली तशा कडेच्या बघ्यांतून बाहेर आल्या आणि आपल्या राज्याच्या रांगेत जाऊन चालायला लागल्या. त्याच वर्षी इलिनॉयने बायकांना काही निवडणुकांपुरतं मत दिलं आणि या क्लबने घरोघर फिरून नोंदणी केली. १९१५ मध्ये शिकागोला पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक मिळाला.

बोरूबहाद्दर

निंबोणी, कडक प्रतिसाद. आर्थिक बाजूने यात काही आहे का?

निंबोणी

आहे ना, माझी सगळ्यात आवडती बाई आहे! मॅगी लीना वॉकर, व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या. आई धोबीण, लहानपणी या कपड्यांची गाठोडी पोचवायच्या. एका परस्पर मदत मंडळाचं काम हातात घेतलं. वर्गणी काढायची, कुणी आजारी पडलं की मदत, गेलं की अंत्यविधीचा खर्च. आपल्याकडची भिशी आणि मर्तिक फंड एकत्र करा, साधारण तसं. त्यातून १९०३ मध्ये त्यांनी बँक उभी केली, सेंट लूक पेनी सेव्हिंग्ज बँक. नावातच पेनी. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी चिल्लर आणून टाकावी आणि तिचे डॉलर होऊन त्याच वस्तीत घरासाठी कर्ज म्हणून फिरावेत, ही कल्पना. १९०५ मध्ये दुकानही काढलं, कपडेलत्ते विकायला कृष्णवर्णीय मुली ठेवल्या. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक माल मिळू नये म्हणून कोंडी केली, ते दुकान १९११ ला बंद पडलं. बँक मात्र टिकली. १९२९ नंतरच्या मंदीत देशभर बँका कोसळत असताना या बँकेचं दुसऱ्या दोन बँकांशी विलीनीकरण होऊन वॉकरबाई संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या.

तिरकस

ही गोष्ट माहीत नव्हती. टोपी काढली.

बरं, मग १९२० ला मत मिळालं आणि सगळं गोड झालं का?

ओवी_क

मिळालं कसं तेही ऐका, कारण त्यात नशिबाचा भाग मोठा आहे. बायकांना देशभर मत देणाऱ्या घटनादुरुस्तीला मंजुरीसाठी ३६ वं राज्य हवं होतं, गाडी टेनेसीत अडली. १८ ऑगस्ट १९२०. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा आमदार, कोटाला लाल गुलाब, म्हणजे विरोधकांची खूण. विषय बाजूला ठेवण्याच्या ठरावावर ४८-४८ अशी बरोबरी झाली. मग मूळ ठराव आला आणि या पोराने ‘होय’ म्हटलं. खिशात आईचं पत्र होतं, मताधिकाराच्या बाजूने मत दे म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहात सांगितलं की आईचं ऐकणं मुलासाठी केव्हाही बरं.

आणि गोड? दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना मतदानासाठी भरायचा कर आणि साक्षरता चाचण्या लावून १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत बाहेरच ठेवलं. पगाराचं कोरा_कागद सांगतील.

कोरा_कागद

मताच्या एक वर्ष आधी, जुलै १९१९ मध्ये, सेंट लुइसला आणखी एक महासंघ झाला, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या क्लबांचा. लीना मॅडेसिन फिलिप्स या केंटकीच्या वकीलबाई त्यामागे होत्या. हे क्लब दुपारी जमणारे नव्हते, हे लक्षात घ्या. दुपारी या बायका ऑफिसात असायच्या.

मंदीत त्यांची परीक्षा झाली. १९३२ च्या कायद्यात कलम २१३ घुसवलं: नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कपातीच्या वेळी विवाहित जोडीदार आधी काढायचा. शब्द अगदी निष्पक्ष, बाई कुठेच लिहिलेली नाही. पण घरात पगार कुणाचा कमी? राजीनामा कुणी द्यायचा? काढलेल्यांत प्रचंड संख्या बायकांची. काहींनी नोकरीसाठी लग्न लपवलं. क्लबांनी पत्रं, निवेदनं, साक्षी यांचा मारा केला आणि १९३७ मध्ये ते कलम गेलं.

मात्र बायकांच्या संघटनांत आपसात लठ्ठालठ्ठी होती, ती झाकू नये. १९०८ मध्ये ओरेगनच्या एका धोबीखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बायकांना दिवसाला १० तासांची मर्यादा मान्य केली. ग्राहक संघटनेच्या बायकांनी त्यासाठी आकडेवारी गोळा करून दिली होती. १९२३ मध्ये समान हक्कांची घटनादुरुस्ती पुढे आली, तेव्हा याच बायका विरोधात उभ्या राहिल्या, कारण समान हक्क म्हटले की तासांचं संरक्षण गेलं. व्यावसायिक बाईला ते संरक्षण बेडी वाटायचं: रात्रपाळी नाही म्हणजे बढती नाही. गिरणीतल्या बाईला तोच श्वास. दोघीही आपापल्या जागी खऱ्या. नोकरदार क्लबांच्या महासंघाने त्या दुरुस्तीला पाठिंबा दिला १९३७ मध्ये.

समान कामाला समान वेतनाचा कायदा जून १९६३ चा. तेव्हा पूर्णवेळ नोकरदार पुरुषाच्या डॉलरमागे बाईला साधारण ५९ सेंट मिळायचे. आणि बाई म्हणून किंवा लग्न झालंय म्हणून कर्ज नाकारायचं नाही, हा कायदा आला १९७४ ला. मताला तेव्हा ५४ वर्षं झाली होती.

मुक्काम_पोस्ट_परदेश

हे १९७४ वाचून इथल्या माझ्या शेजारणीला विचारलं. ऐंशीच्या पुढची आहे. म्हणाली, पहिल्या क्रेडिट कार्डावर ‘मिसेस’ आणि नवऱ्याचंच नाव होतं. स्वतःच्या नावाचं कार्ड आलं तेव्हा तिने काही विकत घेतलं नाही, नुसतंच पर्समध्ये ठेवून दुकानात फिरून आली.

तिरकस

माझा मुद्दा मी निम्मा मागे घेतो. निम्माच. गरीब बाईला क्लबाची वर्गणी परवडत नव्हती आणि गोऱ्या क्लबात कृष्णवर्णीय बाईला दार नव्हतं, हे खरंच आहे. पण सभा चालवायची विद्या चोरून का होईना सगळ्यांनीच घेतली, हेही दिसतंय.

ओवी, एक राहिलं. ती न्याहारी झाली, तो चहा झाला. पुढे काय?

निंबोणी

चोरून नाही हो, रफिनबाईंचा वुमन्स एरा क्लब १८९० च्या दशकातला आहे, स्वतःचं मासिक काढायचा. विद्या त्यांचीही होती.

ओवी_क

निंबोणीला दुजोरा.

तिरकस, तिसऱ्यांदा ते जेवायला जमले. बोलायची पाळी निम्मी निम्मी, एक बाई, एक बुवा. आणि बिल ज्याचं त्याने भरलं, जिचं तिने.